तुझं काय गेलं?

“लॉक उघड,” साहेब म्हणाले.

माझा फोन काचेच्या टेबलावर पडला होता. पलीकडे साहेब, मॅडम आणि सोसायटीचे सचिव खुर्च्यांवर बसले होते. दोन फ्लॅटवाल्या बायका सोफ्यावर. दारात गेटवरचे भोजराज भाऊ. मी उभी. नागपुरातल्या बेसाच्या त्या सोसायटीच्या ऑफिसात आणखी तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मला कोणी बस म्हटलं नाही. मलाही बसायचं सुचलं नाही.

मी वाकून बोट फिरवलं. चुकलं. परत फिरवलं. परत चुकलं. दिवसातून पन्नासदा उघडते तो फोन.

“बघा, स्वतःचाच फोन उघडत नाहीये,” सचिव म्हणाले.

तिसऱ्यांदा उघडला. साहेबांनी तो उचलला आणि वाचायला लागले. मोठ्यानं. माझ्या नवऱ्याचे मेसेज. डबा खाल्ला का. औषध घेतलं का. आज मशीनवर जास्तीचं काम आहे, उशीर होईल. माझा नवरा लकडगंजात आरा मशीनवर लाकडं उचलतो. त्याला लिहायला वेळ लागतो. एक एक अक्षर शोधून लिहितो. ती अक्षरं साहेब असे वाचत होते, जसं त्यात काही लपवून ठेवलंय.

मग त्यांनी एक आवाजी मेसेज लावला. मी मायला पाठवलेला. माझाच आवाज ऑफिसात घुमला.

“माय, आजबी मॅडमनं माया कप बाल्कनीत ठेवला वं. कोनी पाह्यलं बी नाई, त्यात कबुतराचं पीस पडलं होतं.”

मॅडमचा चेहरा लाल झाला. सोफ्यावरची एक बाई हसली. कपावर नाही. माझ्या बोलण्यावर. “कोनी पाह्यलं,” ती दुसरीच्या कानात म्हणाली.

मग फोटो.

साहेबांचं बोट सरकत होतं. भाचीचा वाढदिवस. विहारातली वंदना. दवाखान्याची चिठ्ठी. मग ते बोट थांबलं.

तो फोटो माझ्या छातीचा होता. डावीकडच्या. गाठ काढून नऊ दिवस झाले होते. टाक्यांतून पाणी येत होतं. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, एवढ्यासाठी लांबून येऊ नका, फोटो पाठवा. मी दाराला कडी लावून, आरशासमोर, एका हातानं तो काढला होता. नवऱ्यालाही दाखवला नव्हता. पाठवल्यावर पुसायचा राहिला.

साहेबांनी फोन लगेच खाली ठेवायला पाहिजे होता. त्यांनी तो सचिवांकडे वळवला.

“हे काय आहे?”

सचिवांनी चष्मा वर केला. बघितलं. नीट बघितलं.

“असले फोटो काढता तुम्ही लोक?”

“टाके आहेत, साहेब,” मी म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. भोजराज भाऊंनी मान वळवून बाहेर रस्त्याकडे बघितलं. त्या खोलीत नजर वळवणारा तेवढा एकच माणूस होता, आणि तोही माझ्यासारखा उभाच होता.

मी काय केलं? काही नाही. ओढणी नीट केली. कपडे अंगावर होते, तरी नीट केली.

फोनमध्ये त्यांना पाहिजे होतं ते सापडलं नाही. फोन मला परत मिळाला नाही. “तपास होईपर्यंत राहू दे,” साहेब म्हणाले, आणि माझा फोन स्वतःच्या खिशात टाकला.

झालं काय होतं ते सांगते.

मी त्या घरात साहेबांच्या वडिलांना सांभाळायची. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. लकवा मारून उजवं अंग गेलेलं. मी सहा महिन्यांचा पेशंट सांभाळायचा कोर्स केला आहे. अंग पुसणं, कूस बदलणं, नळीनं खाणं देणं, पाठीला जखमा होऊ न देणं. दोन वर्षांत त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. कामाचं सांगते.

कामाला लागले त्या दिवशी सचिवांनी मला ऑफिसच्या भिंतीला उभं करून फोटो काढला. आधारकार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला. नवऱ्याचा नंबर घेतला. आडनाव वाचलं आणि मॅडमकडे एकदा बघितलं. मॅडमनी डोळ्यांनीच ‘चालेल’ म्हटलं. हे सगळं सचिवांच्या स्वतःच्या फोनमध्ये गेलं. कुठे ठेवता, कोणाला दाखवता, मी विचारलं नाही. कोणतीच बाई विचारत नाही. काम पाहिजे असतं.

त्या दिवशी सकाळी मी मोठ्या साहेबांसाठी रव्याची पेज गाळत होते. ते पलंगावर उशीला टेकून डाव्या हातानं फोन बघत होते. त्यांनी हाक मारली.

“हे कार्ड उघडत नाहीये. बघ गं जरा.”

त्यांच्या जुन्या मित्राच्या नंबरवरून मेसेज होता. आमच्या घरी लग्न आहे, पत्रिका पाठवत आहे, अगत्य येणे. खाली फाइल. मी नाव बघितलं. शेवटी एपीके लिहिलेलं. दोनच महिन्यांपूर्वी आमच्या विहारात कॉलेजच्या एका मुलीनं रविवारी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. पत्रिका म्हणजे फोटो असतो नाहीतर कागद असतो. शेवटी एपीके असलं तर ते ॲप असतं. ते फोनमध्ये घुसतं, तुमचे मेसेज वाचतं, ओटीपी चोरतं. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आलं तरी उघडायचं नाही, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो.

मी म्हणाले, “साहेब, ही फाइल उघडू नका. फसवणुकीची असते. आधी त्यांना फोन लावून विचारा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अर्धा चेहरा हलतो त्यांचा. त्या अर्ध्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

“आता तू मला शिकवणार? जा, पेज आण.”

मी गेले. पेज घेऊन आले तेव्हा त्यांनी फाइल उघडली होती. पत्रिका कुठेच नव्हती. दुपारी फोन तापला, आपोआप बंद चालू व्हायला लागला. त्यांच्या नंबरवरून सगळ्या नातेवाइकांना तीच पत्रिका गेली. खात्यातली रक्कम गेली. साहेब ऑफिसातून धावत आले.

“घरात बाहेरचं कोण असतं?” ते म्हणाले. मग स्वतःच उत्तर दिलं. “तूच.”

“मोठ्या साहेबांना विचारा, साहेब. मी त्यांना नका उघडू म्हटलं होतं.”

सगळे पलंगाकडे वळले. मोठे साहेब भिंतीकडे बघत होते.

“मला आठवत नाही,” ते म्हणाले.

त्यांची स्मृती चांगली आहे. कोणत्या साली कुठे बदली झाली, कोणत्या तालुक्यात कोण हाताखाली होतं, सगळं आठवतं. सावनेरला असताना कोणत्या खाणीच्या ठेकेदारानं सलाम ठोकला नाही, तेही आठवतं. एवढंच आठवलं नाही.

त्यानंतर मला खाली ऑफिसात नेलं.

तीन दिवस माझ्याकडे फोन नव्हता. दवाखान्यातून गाठीचा रिपोर्ट कळवणार होते, त्याच नंबरवर. माय रोज विचारायची.

“आला का वं फोन?”

“फोनच नाई माय मायाजोळ.”

“मंग त्यायले माग ना.”

मागायला कोणत्या तोंडानं जाऊ. नवरा म्हणाला, “मी जातो, घेऊन येतो.” मी त्याला जाऊ दिलं नाही. तो गेला असता तर त्याचा आवाज चढला असता. मग त्यालाच आत टाकलं असतं. आमच्याकडचा माणूस मोठ्यानं बोलला की ते भांडण होतं. साहेब मोठ्यानं बोलले की ती चौकशी होते.

चौथ्या दिवशी मी स्वतः दवाखान्यात गेले. दोन तास ओळीत उभी राहिले. डॉक्टरीण म्हणाली, गाठ साधी आहे, काळजीचं काही नाही. आम्ही तुम्हाला तीनदा फोन केला, कोणी पुरुषानं उचलला, रिपोर्टचं आहे म्हटलं तरी ठेवून दिला.

म्हणजे साहेबांना ते कळलं होतं. माझ्या अंगात कॅन्सर आहे की नाही याची बातमी आधी साहेबांच्या कानापर्यंत आली, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मी बाहेर पायरीवर बसले. आनंद व्हायला पाहिजे होता. मायला धावत जाऊन सांगायला पाहिजे होतं. मला काहीच वाटत नव्हतं.

त्याच संध्याकाळी भोजराज भाऊ घरी आले. लांबून आले होते, बस बदलून. पाणी घेतलं आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. सोसायटीच्या ग्रुपमध्ये माझा फोटो होता. भिंतीला उभं करून काढलेला. खाली आधारकार्ड, दोन्ही बाजू. नंबर, पत्ता, जन्मतारीख, नवऱ्याचं नाव, सगळं. वर सचिवांनी लिहिलं होतं. सावधान. ही बाई सायबर चोरीतील संशयित आहे. सर्व सोसायट्यांना पाठवा.

“सगळीकडं फिरून राहिलं बाई,” भाऊ म्हणाले. “मनीषनगरच्या माया साळ्यालेबी आलं. मले वाटलं, तुमाले माईत असाव.”

दुसऱ्या दिवशी साहेबांचा नवऱ्याच्या फोनवर फोन आला. आवाज नेहमीसारखा. मोठ्या साहेबांच्या त्या मित्राचाच फोन आला होता म्हणे. त्याचाही फोन तसाच हॅक झाला होता, त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना तीच पत्रिका गेली होती, त्यानं माफी मागितली. सायबरवाल्यांनीही सांगितलं की फाइल मोठ्या साहेबांच्या फोनवरच उघडली, तुमच्या बाईचा फोन साफ आहे.

“तर ये उद्यापासून,” साहेब म्हणाले. “फोन घेऊन जा. बाबांना दुसऱ्या बाईच्या हातचं जमत नाहीये.”

मित्रानं साहेबांच्या घराची माफी मागितली. माझी कोणी मागितली नाही.

आणि मी गेले.

हे सांगताना जीभ जड होते. पण खोटं सांगायचं नाही असं ठरवून बसले आहे. मी गेले. दुसरी दोन कामं विचारून बघितली होती. एकीकडे दारातच म्हणाले, तुमचा फोटो आलाय आमच्याकडे. दुसरीकडे दारच उघडलं नाही. म्हणून गेले. मॅडमनी कप बदलला होता. आता स्टीलचा ग्लास होता. तोही बाल्कनीतच.

साहेबांना मी विचारलं, “ग्रुपमधला तो फोटो काढायला सांगा ना.”

“अगं, जुना मेसेज कोण बघतं? वर गेला तो.”

पंधरा दिवसांनी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास मला व्हिडिओ कॉल आला. माय शेजारी पापड लाटायला गेली होती. नवरा कामावर. मी एकटी तांदूळ निवडत होते. पडद्यावर खाकी कपड्यांतला माणूस. मागे झेंडा, टेबलावर फायली. त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं. आधारचा नंबर वाचला. पत्ता वाचला. नवऱ्याचं नाव वाचलं.

“आपके आधार पर सिम निकला है. उस सिम से गंदा काम हुआ है. आप अरेस्ट हो. कॅमेरा बंद नहीं करना. घर से बाहर नहीं जाना. किसी को बताया तो पती भी अंदर जाएगा.”

मी म्हणाले, “जी साहेब.”

माझा आजा दीक्षेच्या दिवशी नागपूरच्या त्या मैदानावर होता. गावी परतल्यावर त्यानं पाटलापुढे जोहार घालणं बंद केलं. त्यापायी त्याला गाव सोडावं लागलं. ही गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगितली गेली आहे. मी त्याची नात. एका अनोळखी माणसाला, ज्याचं नाव मला माहीत नाही, जो कुठे बसलाय माहीत नाही, त्याला मी दीड तास ‘जी साहेब’ म्हणत बसले. तांदळाचं ताट तसंच मांडीवर.

विहारातल्या त्या मुलीनं हेही सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. मला ते माहीत होतं. एपीके माहीत होतं तसं हेही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या आवाजापुढे मान वर करणं वेगळं. तो आवाज मी ओळखत होते. उभी राहा. उघड. दाखव. कोणाला सांगू नको. तो ऑफिसातला आवाज होता. साहेबांनी मला त्या माणसासाठी तयार करून ठेवलं होतं.

त्यानं मला एक कागद पडद्यावर दाखवला. त्यावर माझा फोटो होता. मी नीट बघितलं. भिंतीला उभं करून काढलेला. सोसायटीची भिंत. पिवळट रंग, कोपऱ्यात लिफ्टच्या नोटिशीचा तुकडा.

मी बघत असतानाच तो म्हणाला, “पहचान करनी है. शरीर पे कोई निशान है? ऑपरेशन का? कॅमेरे के सामने दिखाओ.”

माझा हात बटनाकडे गेला.

गेला. मी तो जाताना बघितला. जसा दुसऱ्याच कोणाचा हात आहे. एक बटन निघालंही.

तेवढ्यात माय दारात आली. हाताला पीठ.

“कोनासंगं बोलून राहिली वं?”

“कौन है? बोला था ना अकेले रहने को?” तो ओरडला.

मायनं माझ्याकडे बघितलं. निघालेलं बटन बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं. मला आजपर्यंत कोणी मारलं तेव्हा जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते तोंड बघून लागलं.

मी बटन लावलं.

“नाही दाखवत,” मी म्हणाले. मराठीत म्हणाले.

“मालूम है किससे बात कर रही हो?”

“नाही माहीत. म्हणूनच नाही दाखवत.”

आणि मी फोन बंद केला.

यात शूरपणा काही नाही. फोन बंद केला आणि मी मोरीत जाऊन ओकले. तो वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करत राहिला. दर वेळी घंटी वाजली की मी फोन पालथा करायची. खरंच पोलीस आले तर? खरंच नवऱ्याला नेलं तर? संध्याकाळपर्यंत मी दाराजवळ बसून होते. माय माझ्या बाजूला, पीठ हातावर वाळलेलं.

“तो खोटा होता ना वं?” तिनं विचारलं.

“हो.”

“मंग भेतेस काहून?”

खोट्याला भीत नव्हते मी. खऱ्यांनीच त्याला माझा पत्ता दिला होता. त्यांच्याकडे तक्रार घेऊन कशी जाऊ, याची भीती होती.

तरी सकाळी बेसाला गेले. गेटवर नवीन मशीन लावलं होतं. भोजराज भाऊ खाली मान घालून म्हणाले, “कामवाल्या बायायचा चेहरा यात टाकाचा हाय. आजपासून. त्याच्याशिवाय आत सोडू नको म्हनते.” फ्लॅटवाल्यांसाठी बाजूचं फाटक उघडंच होतं.

“मी चेहरा देत नाही, भाऊ. सचिवांना बोलवा.”

सचिव आले. साहेबही खाली आले, ऑफिसला निघाले होते. मी तिथेच, गेटवर, सगळं सांगितलं. कॉल आला ते. त्याच्या हातात कोणता फोटो होता ते. तो काय दाखवायला सांगत होता ते. शब्द अडकत होते, पण सांगितलं.

सचिव म्हणाले, “फॉरवर्ड झालं म्हणजे आता आमच्या हातात काय आहे?”

“तुमच्या हातात तुमचा मेसेज आहे. तो काढा. आणि ग्रुपमध्ये लिहा की या बाईनं चोरी केली नव्हती.”

“असं लिहिता येत नाही. सोसायटीची बदनामी होते.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “हे बघ, तुला इथे काम करायचंय ना? मग चेहरा दे मशीनला आणि वर जा. बाबा उपाशी आहेत.”

बाबा उपाशी आहेत. हे खरं होतं. मला ते लागलंही. मी म्हणाले, “शेवटचं जाऊन येते. मशीनशिवाय.” साहेबांनी हात उडवला. भाऊंनी फाटक ओढलं.

वर जाऊन मी मोठ्या साहेबांना पेज भरवली. तोंड पुसलं. कूस बदलली, पाठ बघितली. मग समोर स्टूल ओढून बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले. मॅडम दारात उभ्या होत्या.

“साहेब, ती पत्रिका कोणी उघडली?”

ते भिंतीकडे बघायला लागले. मी थांबले.

“मी,” ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. उजव्या डोळ्यातलं त्यांना कळत नाही. मीच पुसायची.

“मग खाली चला. तुमची चाकाची खुर्ची मी ढकलते. ऑफिसात एवढंच म्हणा.”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. मॅडम म्हणाल्या, “त्यांना त्रास देऊ नकोस, बीपी वाढेल.”

मी उठले. त्या डोळ्यातलं पाणी त्या दिवशी पुसलं नाही. चप्पल घातली आणि निघाले. ते काम सुटलं ते सुटलंच.

तिथून मी पोलीस ठाण्यात गेले. साडेतीन तास ताटकळत ठेवलं. टेबलावरचे जमादार सगळं ऐकून म्हणाले, “सायबर म्हणतेस, तर पैसे किती गेले?”

“पैसे नाही गेले.”

“मग तुझं काय गेलं?”

मी तिथे उभी. काय सांगू? माझे टाके दोन परक्या पुरुषांनी बघितले. माझ्या रिपोर्टचा फोन दुसऱ्यानं ठेवला. माझं नाव, पत्ता, चेहरा, नवरा, सगळं कुठल्या गावात, कुठल्या बदमाशाच्या हातात आहे मला माहीत नाही, आणि मरेपर्यंत कळणार नाही. पैसे गेले असते तर आकडा सांगता आला असता. याचा आकडा नाही. म्हणून त्यांच्या कागदात रकाना नाही.

“हे लिहून घ्या,” मी म्हणाले.

“गुन्हा होत नाही यात.”

“होतो की नाही ते नंतर बघा. मी लिहून आणते, तुम्ही शिक्का मारा.”

विहारातल्या त्या मुलीनं माझ्यासोबत बसून अर्ज लिहिला. दोन पानं. त्यात मी साहेबांचं नाव घातलं, सचिवांचं घातलं. पूर्ण नाव, फ्लॅट नंबर. लिहिताना हात अडत होता. त्यांची नावं मी कधी उच्चारलीच नव्हती. तिसऱ्या फेरीला शिक्का मिळाला.

त्यानंतर काय झालं? फारसं काही नाही. तो फोटो अजून फिरतो आहे. मागच्या महिन्यात वर्धा रोडकडे एका घरी काम ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी नको म्हणाले. कारण सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. सध्या एका खासगी दवाखान्यात रोजीवर जाते, बोलावलं तर. नवरा फोन वाजला की आधी माझ्या तोंडाकडे बघतो. आम्ही नंबर बदलला, पण आधार कसं बदलणार? चेहरा कसा बदलणार?

वस्तीतल्या बाया आता कामाला जायच्या आधी माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, मूळ कार्ड हातात देऊ नका. नंबर झाकलेलं आधार निघतं, ते द्या. झेरॉक्सवर आडवं लिहा, कोणत्या घरी, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला. फोटो काढला तर विचारा कुठे ठेवता. फोन कोणी मागितला तर देऊ नका, पोलीस असेल तर लिहून मागा. त्या ऐकतात. मग एखादी म्हणते, “असं विचारलं तं काम भेटन का बाई?” मी खोटं बोलत नाही. म्हणते, कदाचित नाही भेटणार.

परवा ठाण्यातून फोन आला. साहेब तयार आहेत म्हणे. तुम्ही एका कागदावर सही करा की गैरसमज झाला होता, तक्रार नाही. ते तुम्हाला दुसरीकडे कामाला लावून देतील. चांगल्या घरी. चिठ्ठी देतील तुमच्या चांगल्या वागणुकीची.

मी विचारलं, “ग्रुपमध्ये लिहितील का?”

“बाई, ते कशाला ताणता?”

घरात बसून आम्ही त्यावर बोललो. नवरा म्हणाला, “काम तं पायजेच ना.” त्याचं चुकीचं नाही. खोलीचं भाडं आहे, मायच्या गोळ्या आहेत. मी रात्रभर विचार केला असं सांगणार नाही. मला विचार करावा लागला नाही.

सही करणार नाही. गैरसमज झाला नव्हता. त्यांनी समजूनच केलं. चांगल्या वागणुकीची चिठ्ठी मला त्यांच्याकडून नको, ती द्यायची त्यांची लायकी नाही. मंगळवारी ठाण्यात बोलावलं आहे. मी जाणार आहे. वस्तीतल्या चार बाया सोबत येते म्हणाल्या आहेत, त्यांचेही फोटो कुठल्या ना कुठल्या सचिवाच्या फोनात आहेत. आल्या तर त्यांच्यासह, नाही आल्या तर एकटी. हाकलून दिलं तर बुधवारी परत. जमादार परत विचारतील, तुझं काय गेलं? या वेळी मी बसून सांगणार आहे. खुर्ची ओढून.